तेरा कप्प्यांची फाइल, वर्षभराच्या वापरानंतर: दिवाळीच्या देण्याघेण्याचा हिशोब आणि एक तुटलेलं इलॅस्टिक

यंदा, २०२५ मध्ये, १९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशीच्या मधल्या रविवारी, या फाइलचं इलॅस्टिक तुटलं. कपाटातून काढताना फाइल हातातच उलटी झाली आणि अकरा महिने जमवलेले, नावानिशी वेगळे ठेवलेले पैसे पलंगावर एकत्र पडले. मोठ्या वन्संचे कुठले, धाकट्या वन्संचे कुठले, कामाच्या मावशींच्या पोस्तीचे कुठले, काही कळेना. कप्प्यांतल्या हिशोबाच्या कार्डांवरून ताळा घालायला मला पावणेदोन तास लागले, तेही चकलीची उकड काढून ठेवलेली असताना. त्या दिवशी लिहायला बसले असते तर एकच तारा दिला असता. आता दिवाळी होऊन महिना उलटलाय, डोकं शांत आहे, म्हणून सगळंच लिहिते.

फाइल कशी असते ते सांगायला नको. चेकबुकच्या आकाराची, पेटीच्या भात्यासारखी उघडणारी, प्लॅस्टिकची. विम्याच्या पावत्यांसाठी बहुतेक घरांत एक असतेच. मी २०२४ च्या भाऊबीजेनंतर आठवड्याभरात साताऱ्यात घेतली, २४० रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात तीन कंपन्यांच्या होत्या आणि तिन्हींचं इलॅस्टिक एकसारखंच होतं. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब असते, ती यात आडवी, दुमडल्याशिवाय बसते. हे मात्र मी दुकानातच नोट घालून बघितलं होतं. ओवाळणीची कोरी नोट घडी पडलेली द्यायला मला आवडत नाही.

घेण्याचं कारण असं, की २०२४ ची दिवाळी संपल्यावर मी पहिल्यांदाच सगळी बिलं घेऊन बसले. माझ्या मनात पंधरा-सोळा हजारांचा आकडा होता, बेरीज आली २४,६००. मोठ्या देण्यांत फारसा फरक नव्हता. वन्संच्या साड्या, भाच्यांची पाकिटं हे सगळं ठरल्यासारखंच झालं होतं. बाकीचे पैसे ऐनवेळी आठवलेल्या माणसांवर गेले होते. आदल्या दिवशी कुणी फराळाचं ताट घेऊन आलं की रिकामं ताट परत कसं पाठवायचं, म्हणून धावत जाऊन बॉक्स आणायचा. असे सात बॉक्स. त्यातले दोन अजून फ्रिजवर पडून होते.

तेव्हा ठरवलं की महिन्याला ३,००० बाजूला काढायचे. त्यातले २,००० नेहमीच्या देण्याला आणि १,००० लेकीच्या दिवाळसणाला. तिचा साखरपुडा झालेला होता, लग्न फेब्रुवारीत होतं, म्हणजे २०२५ ची दिवाळी जावयांची पहिली.

सुरुवातीला मी कप्प्यांवर दिवसांची नावं लिहिली: धनत्रयोदशी, पाडवा, भाऊबीज. ते दोन महिन्यांतच मोडलं. धाकट्या वन्सं भाऊबीजेला येऊ न शकल्या तर पाडव्याला येतात, मग कुठल्या कप्प्यातून काढायचे? जानेवारीत सगळ्या पट्ट्या काढून उलट्या केल्या आणि माणसांची नावं घातली. कंपनीने पट्ट्यांवर इंग्रजी महिने छापलेले असतात, मागची बाजू कोरी असते, तीच वापरायची. हा बदल केला त्या दिवसापासून फाइल खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला लागली. माणूस कधीही येवो, त्याचा कप्पा त्याचाच.

प्रत्येक कप्प्यात पोस्टकार्डाएवढं एक कार्ड आहे. एका बाजूला किती घातले, किती काढले. दुसऱ्या बाजूला कुठल्या वर्षी काय दिलं आणि त्यांच्याकडून काय आलं. ही मागची बाजू मला पैशांपेक्षाही मोलाची वाटते. जाऊबाईंना लागोपाठ दोन वर्षं मी एकाच रंगाची साडी दिली होती, त्या काही बोलल्या नाहीत, पण ती त्यांच्या अंगावर मी कधी पाहिली नाही. आता कार्डावर रंगसुद्धा लिहिलेला असतो.

गणपतीत घरातले पैसे कमी पडले तेव्हा भाच्यांच्या कप्प्यातून २,००० उचलले. उचलताना त्याच कप्प्यात चिठ्ठी ठेवली: रक्कम, तारीख, कुणी घेतले. सप्टेंबरच्या पगारातून परत ठेवले आणि चिठ्ठी फाडली. चिठ्ठी नसती तर ते पैसे परत गेले नसते, हे मी स्वतःला ओळखते म्हणून सांगते.

आता इलॅस्टिक.

ही फाइल बंद राहते ती फक्त एका गोल दोरीसारख्या इलॅस्टिकवर. ते मागच्या बाजूला एका भोकातून ओवलेलं असतं आणि आत बारीक पत्र्याच्या पकडीत दाबलेलं असतं. रिकामी फाइल दीड बोट जाड, त्या जाडीला ते पुरतं. तेरा कप्प्यांत नोटा, कार्डं, दोन-चार बिलं आणि पाकिटं भरली की जाडी तिप्पट होते आणि इलॅस्टिक कायम पूर्ण ताणलेलं राहतं. वर पत्र्याचं कपाट उन्हाळ्यात तापतं. मे महिन्यातच मला ते लुळं पडलेलं जाणवलं होतं, बोटाने सोडलं तर पहिल्यासारखं परत येत नव्हतं. ऑगस्टमध्ये वरचं सुतासारखं आवरण उसवलं आणि आतला रबर पांढरा दिसायला लागला. तरी मी बदललं नाही, ही माझी चूक. पण २४० रुपयांच्या वस्तूत बंद करण्याची सोय एक वर्षही टिकू नये, ही बनवणाऱ्याची चूक आहे आणि ती माझ्याहून मोठी आहे. तेरा कप्पे द्यायचे आणि तेरा कप्पे भरल्यावर बंद होणार नाही असं इलॅस्टिक लावायचं, याचा अर्थ फाइल भरून कुणी बघितलेलीच नाही.

सोमवारी दुकानात घेऊन गेले. बिल होतं, फाइलमध्येच होतं. दुकानदार म्हणाले, "ताई, इलॅस्टिकला गॅरंटी नसते, नवी घ्या, दहा रुपये कमी लावतो." मी म्हटलं, मला नवी नको, हीच नीट करून द्या. त्यांनी गर्दीकडे हात दाखवला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी असणार हे मलाही कळतं, पण वर्षभराच्या आत तुटलेल्या वस्तूबद्दल कंपनीला एक फोन करायला दिवाळी आड येत नाही.

परत येताना बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे थांबले. त्यांनी फाइल हातात घेतली, भरून दाखवा म्हणाले. मी घरून आणलेली कार्डं आणि जुन्या पावत्या कोंबून दाखवल्या. त्यांनी परकराच्या नाडीच्या जागी घालतात तसलं एक इंची चपटं इलॅस्टिक मागून शिवलं आणि पुढे दोन टिचबटणं लावली, एक फाइल रिकामी असताना लावायचं, दुसरं भरल्यावर. ४० रुपये घेतले. जी गोष्ट कारखान्यात सुचली नाही ती त्यांना एका प्रश्नात सुचली. महिनाभर रोज उघडझाक करून बघते आहे, जराही ढिलं पडलेलं नाही. त्यामुळे माझं मत बदललं: वस्तू वाईट नाही, तिची कडी वाईट आहे.

दुसरी बारीक तक्रार नाण्यांची. पाचशेच्या पाकिटात वरचा रुपया लागतोच, म्हणून मी रुपयाची पन्नास नाणी एका कप्प्यात ठेवली. खालचा जोड उकलायला लागला. नाणी वेगळ्या बटव्यात ठेवावीत.

पण यंदा खरी गडबड फाइलच्या बाहेर झाली, आणि ती लिहिली नाही तर हा अनुभव अर्धा राहील. जावयांना दिवाळसणाला १०० ग्रॅमचा चांदीचा पेला द्यायचा असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. २०२४ च्या शेवटी चांदी किलोला लाखाच्या आतबाहेर होती, म्हणजे पेला साधारण दहा हजार, वर मजुरी आणि ३ टक्के जीएसटी. महिन्याला हजार टाकले की बारा हजार होतात, सगळं बसतंय असा हिशोब होता. धनत्रयोदशीला सराफाकडे गेले तेव्हा चांदी दीड लाखाच्या कितीतरी वर होती. माझ्या कप्प्यात होते अकरा हजार. पैसे जागच्या जागी होते आणि चांदी हातातून निघून गेली होती. शेवटी ५० ग्रॅमची वाटी घेतली आणि उरलेल्यात शर्टाचं कापड. लेक म्हणाली, "आई, वाटीच बरी, पेल्यातून पाणी कोण पितंय?" मला बरं वाटावं म्हणून म्हणाली हे मला कळलं. जावयांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत बासुंदी मागून घेतली.

आणि अकरा हजार का, बारा का नाही? कारण मी ३६,००० ला बाराने भागलं होतं आणि दिवाळी बारा महिन्यांनी आली नाही. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे. आमच्याकडे पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो. त्यामुळे ऑक्टोबरचा पगार दिवाळीनंतर हातात आला आणि फाइलमध्ये नोव्हेंबर ते सप्टेंबर असे अकराच हप्ते पडले. ३३,०००. कॅलेंडर भिंतीवरच होतं, मी पान उलटून बघितलं नाही. तुम्ही भागाकार करण्याआधी दिवाळीपूर्वी पगाराच्या तारखा किती येतात त्या मोजा.

येत्या वर्षी उलटं आहे. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दिवाळी पुढे जाऊन लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. ३१ ऑक्टोबर २०२५ पासून धरले तर तेरा हप्ते मिळतात. पण त्यातला एक हप्ता दिवाळीपर्यंत पोचणार नाही, कारण अधिक महिन्यात जावयांना वाण द्यायचं, तेहतीस अनारसे आणि ताम्हणात दिवा. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आहे, तो मला नीट करायचा आहे.

रोख पैसे घरात का ठेवता, असं धाकटा भाऊ पाडव्याला विचारत होता. त्याचं चूक नाही. बँकेत रिकरिंग केलं असतं तर साडेसहा टक्क्यांनी हजारभर रुपये व्याज आलं असतं, आणि हजार रुपये म्हणजे दोन मावशींची पोस्त. पोस्टाचं रिकरिंग मी बघितलं, महिना १०० रुपयांपासून उघडता येतं, पण मुदत पाच वर्षांची आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, दिवाळीला त्याचा उपयोग नाही. बँकेचं वर्षाचं चाललं असतं. तरी नेहमीच्या देण्याला मी फाइलच ठेवणार आहे. खात्यात एकच आकडा दिसतो, त्यात कुणाचं नाव नसतं, आणि नाव नसलं की आमच्या घरात ते पैसे गॅसच्या शेगडीला जातात. नावाच्या कप्प्यांमुळे यंदा नेहमीचं देणं २१,३०० मध्ये झालं, मागच्यापेक्षा ३,३०० कमी, आणि कुणीही सुटलं नाही. पहिल्यांदाच घंटागाडीवरच्या दोघांनाही पाकीट दिलं.

सराफांच्या मासिक योजनेला मी आजवर नाकं मुरडत होते. जाऊबाईंची होती, वजनाची, म्हणजे दर महिन्याला त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा. यंदा त्यांची जीत झाली हे मी त्यांच्यासमोर कबूल केलं. या योजना बहुधा अकरा महिन्यांच्याच का असतात, तेही कळलं. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनुसार मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव ठरते, आणि ती वेळ येऊ नये म्हणून योजना वर्षाच्या आत संपवतात. योजना घ्याच असं मी म्हणत नाही. ज्या योजनेत नुसते रुपये साठतात, ग्रॅम नाहीत, तिथे माझ्या कप्प्यासारखंच होणार, एवढं विचारून घ्या.

तर तारे: कप्पे आणि आकाराला पाचपैकी पाच, इलॅस्टिकला शून्य, मिळून साडेतीन. दुरुस्तीनंतर चार. घेणार असाल तर दुकानात सोबत जुन्या पावत्यांचा गठ्ठा न्या, तेराही कप्प्यांत भरा, बंद करा आणि इलॅस्टिककडे बघा. बटणाची मिळाली तर तीच घ्या.

नव्या वर्षाचे दोन हप्ते आत गेलेत. तेराव्या कप्प्याची पट्टी बदलली, आता त्यावर 'अधिक' लिहिलंय. त्या कप्प्यात नोटा नाहीत. दहा ग्रॅमचं चांदीचं एक नाणं आहे, बटव्यात घालून ठेवलेलं, आणि कार्डावर त्या दिवशीचा भाव.