तीन रंगांतला लाल खोटा निघाला

जलरंगाच्या परदेशी ट्यूबा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी अर्ध्या किमतीत देत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मी गिरगावात राहते, व्यक्तिचित्रं करते. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या मुलीचं चित्र जलरंगातलं आहे हे कळलं, तेव्हापासून तेलरंग सुटले ते सुटलेच. रंग तीनच वापरते: यलो ऑकर म्हणजे पिवडी, कॅडमियम रेड आणि अल्ट्रामरीन निळा. पांढऱ्याचं काम कागद करतो. स्वीडनचे अँडर्स झॉर्न तेलरंगात पिवडी, हिंगूळ, काळा आणि पांढरा एवढ्यावर चेहरे उभे करायचे. तेव्हा आपल्याला तीन पुरावेत, असं वाटायचं. आणि पुरतात. ऑकरच्या पातळ वॉशमध्ये जरासा लाल सोडला की कातडी जिवंत होते, त्यातच निळा मिळवला की हनुवटीखालची सावली मिळते.

ऑक्टोबरात चित्रकारांच्या एका ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘परदेशी चाललेल्या आर्टिस्टचा माल आहे, सील पॅक.’ माझ्या तिन्ही ट्यूबा १,८०० रुपयांत. दुकानात जवळजवळ दुप्पट पडल्या असत्या. चर्नी रोड स्टेशनबाहेर त्याचा माणूस देऊन गेला, मी तिथेच यूपीआय केलं. बिल मागितलं तर ‘ताई, रात्री पाठवतो.’ ते आलंच नाही. लेबलवर पीआर १०८, म्हणजे खऱ्या कॅडमियम रेडचा क्रमांक, व्यवस्थित छापलेला होता. पण ट्यूबच्या बुडाची घडी पकडीने दाबल्यासारखी वेडीवाकडी होती. ती मी पाहिली आणि सोडून दिली.

नोव्हेंबरात शेजारच्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. काकूंनी त्यांचं चित्र सांगितलं. आजोबा आहेत, आजींचं कुंकू चांगलं रुपयाएवढं. तो गोल मी सगळ्यात शेवटी, कोरड्या कागदावर, एका दमात भरला होता. रंगवताना दोन गोष्टी खटकल्या. अल्ट्रामरीन वाळताना कागदाच्या खळग्यांत बारीक दाणे बसतात, तसे बसले नाहीत. निळा अगदी सपाट पसरला. आणि खरा कॅडमियम ओल्या ब्रशने थोडाफार तरी उचलता येतो, हा लाल कागदात मुरला तो निघेना. मी दोष कागदाला दिला.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला, ‘जरा येऊन बघतेस का?’ चित्र गॅलरीसमोरच्या भिंतीवर, दुपारचं ऊन थेट पडायचं. आजींच्या कपाळावर फिकट गुलाबी डाग उरला होता. गालांतली ऊब गेली होती, आणि सावल्यांतला लाल उडून ऑकर व निळा तेवढे मागे राहिल्याने डोळ्यांखाली हिरवट छटा आली होती. आजी काही बोलल्या नाहीत. आजोबा चित्राकडे पाठ करून बसले होते. मला तिथे उभं राहवेना.

लालच्या ट्यूबमध्ये रंगद्रव्याऐवजी उन्हात उडणारा डाय भरला होता. जलरंगाचा थर मुळातच पातळ, त्यामुळे तो आणखी लवकर उडतो. फ्रेमची साधी काच ते थांबवत नाही. पंधरा-वीस रंगांच्या पॅलेटमध्ये एक उडाला तर एखादा पदर, एखादं फूल फिकं पडतं. तिनातला एक उडाला तर अख्खा चेहरा जातो.

त्या माणसाचा नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण चार महिने उलटलेले आणि हातात फक्त यूपीआयची पावती. पैसे आजवर मिळालेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा. विकणारा दुकानदार असेल आणि बिल असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आता नवी ट्यूब आली की कागदाच्या पट्टीवर तिचा एक गडद आणि एक पातळ फटका मारते, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकते आणि खिडकीच्या गजाला दीड-दोन महिने ऊन खाऊ देते. त्या जुन्या लालची उघडी बाजू तीन आठवड्यांत जवळजवळ कोरी झाली.

काकूंचे पैसे मी परत केले. आजी पुन्हा बसायला तयार झाल्या आहेत. बिलासकट आणलेल्या नव्या लालची पट्टी अजून खिडकीत आहे, ती कसोटीला उतरली की सुरुवात करेन.