सिडनीत ब्लू-टंग पाळल्याचा अनुभव: तात्या आणि त्यांचं विकतचं ऊन

मांजराची बायकोला ॲलर्जी, कुत्र्याला फिरवायला कुणालाच वेळ नाही, आणि लेकीचा हट्ट काही सुटेना. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या वेंटवर्थविलच्या घरात ईस्टर्न ब्लू-टंग, म्हणजे निळ्या जिभेचा सरपटणारा प्राणी आला. सापसुरळीच्या कुळातला, पण आपल्या बांधावरच्या सापसुरळीपेक्षा कितीतरी दांडगा. पूर्ण वाढला की शेपटीसकट जवळजवळ दोन फूट. पाय इतके आखूड की दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात. दिवसभर ऊन खात पडून राहायचं आणि जेवणाची वेळ झाली की डोकं वर करायचं, हा दिनक्रम बघून नाव तात्या ठेवलं. एक अख्खा हिवाळा काढून झालाय, आता पुन्हा डिसेंबर, म्हणजे इथला उन्हाळा आला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

इथे ज्याला विचाराल तो सांगतो, ‘नवख्यांसाठी एकदम सोपा प्राणी.’ अर्धं खरं आहे. तात्यांचा स्वतःचा त्रास जवळजवळ नाहीच. पण त्यांना लागणारं ऊन घरात बनवावं लागतं, आणि पैसा, मेहनत, काळजी सगळी तिथे खर्ची पडते.

तात्या दोनशे डॉलरच्या आत आले. त्यांच्या घराला याच्या तिपटीहून जास्त लागले. चार फूट लांब, दोन फूट खोल लाकडी पेटी, पुढे सरकती काच. एका टोकाला बल्ब आणि त्याखाली सपाट दगड. त्या दगडाचं तापमान ३५ ते ४० अंश हवं. दुसरं टोक २२ ते २५ वर. स्वतःच्या अंगात ऊब तयार होत नाही, त्यामुळे तापायचं असेल तर इकडे, निवायचं असेल तर तिकडे, असा त्यांचा कारभार. पुरेशी ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचतच नाही. थर्मोस्टॅट आणि लांबून तापमान मोजायची छोटी बंदूक यात कंजुषी करू नका. पेटीला चिकटवलेला गोल काटा हवेचं तापमान सांगतो, दगडाचं नाही. ज्या दुकानातून सामान घेतलं, तिथल्या पोराने विजेवर तापणारा नकली दगड गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. अजिबात घेऊ नका, त्यावर पडून प्राण्याचं पोट भाजतं.

बल्बशेजारी यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांची नळी लागते. ती नसेल तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि आपल्याकडे पोरांना व्हायचा तसा मुडदूस यांनाही होतो. पेटी खिडकीशी ठेवून हे भागत नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. आणखी एक गोम अशी, की नळी दिसायला लख्ख पेटलेली असते पण आतली यूव्हीबी कधीच ओसरलेली असते. मी नळीच्या टोपणावर मार्करने बसवल्याची तारीख लिहून ठेवतो आणि कंपनीने सांगितलेली मुदत संपली की बदलतो. ८० वॅटचा बल्ब बारा तास म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. बिलात दिसतं, पण घाम फुटावा इतकं नाही.

खाण्याबाबतीत मात्र तात्या गुणी. मोठ्या ब्लू-टंगला आठवड्यातून दोन-तीनदा वाढलं की पुरे. निम्मं ताट भाजीपाल्याचं: किसलेला लाल भोपळा, फरसबी, डँडेलियनची पानं. उरलेल्यात किडे, उकडलेलं अंडं, कधी चांगल्या प्रतीचं कुत्र्याचं ओलं खाणं, आणि चवीपुरतं फळ. वर कॅल्शियमची भुकटी. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. कांदा आणि ॲव्होकाडो अजिबात नाही. गोगलगाय म्हणजे मेजवानी! शंख जबड्यात धरून एक-दोनदा सरकवतात, मग कडाक् असा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू येतो, आणि शंखाचे तुकडे जिभेने बाजूला सारले जातात. पण बागेतली गोगलगाय देऊ नका. शेजाऱ्याने गोगलगायींचं विष टाकलं असेल तर ते तिच्यातून यांच्या पोटात जातं. आम्ही डब्यातल्या आणतो.

किड्यांवरून घरात खटके उडतात. नाशिकहून आई आली होती, तिने फडताळातला जिवंत झुरळांचा डबा उघडला. ‘झुरळं मारण्यात माझा जन्म गेला, आणि तू पैसे देऊन आणतोस?’ यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. हीच आई पुढे रोज सकाळी तात्यांना जास्वंदीचं फूल भरवायला लागली. जास्वंद त्यांना मनापासून आवडते. फक्त गणपतीत झाडाला मोजकीच फुलं होती, तेव्हा वाटणीवरून वाद झाला आणि बाप्पा जिंकले.

स्वभाव शांत, पण लळा लागेल अशी आशा ठेवू नका. लेकीची सुरुवातीला निराशा झाली. हातात घेतलेलं चालतं, उबदार मांडी असेल तर झोपतातही. यापलीकडे माया नाही. सुरुवातीला आम्ही वरून हात घातला की अंग चपटं करून फुसकारायचे आणि ती निळी जीभ बाहेर काढायचे. सिडनीच्याच मॅक्वॉरी विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिभेचा मागचा भाग अतिनील प्रकाश जास्त परावर्तित करतो आणि शत्रू अगदी अंगावर आला की तोच भाग झटकन दाखवला जातो. आता बाजूने, हळू हात नेला की तात्या बघतसुद्धा नाहीत. विष नाही, पण गोगलगायीचा शंख फोडणारा जबडा आहे, बोट लांब ठेवा. चावल्याची जखम दरवर्षी पुन्हा उमटते, असं इथले काही जुने लोक सांगतात. गावाकडे सापसुरळीला विषारी समजतात, त्यातलाच प्रकार.

मे सरत आला तसं जेवण सुटलं. हे ठाऊक असूनही जिवाला घोर लागतो. जून ते ऑगस्ट तात्या बहुतेक वेळ लपायच्या खोक्यात. आम्ही दर आठवड्याला वजन करत होतो. ते फारसं उतरलं नाही, म्हणून निर्धास्त. शेपटीत चरबी साठलेली असते, ती कामी येते. खरी धास्ती उन्हाळ्याची. आमच्यापासून फार लांब नसलेल्या पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश झालं होतं. अशा दिवशी बल्ब बंद आणि एसी तात्यांच्या नावाने चालू.

कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. बोटांवर तिची कडी राहिली तर रक्त अडून बोट झडू शकतं. कोमट पाण्यात बसवून ओल्या फडक्याने हलकेच सोडवायची. हे काम लेक करते, माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे. विष्ठेला वास आहे, चांगलाच आहे, त्याच दिवशी उचला. साल्मोनेला या जंतूमुळे तात्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. घरात तान्हं मूल असेल तर थांबा. आणि सगळ्याच डॉक्टरांना सरपटणारे प्राणी कळत नाहीत, कळणाऱ्याची फी जास्त असते. आमच्या डॉक्टरने तात्यांना तपासून ‘बहुधा नर’ एवढंच सांगितलं. या जातीत ते ओळखणं अवघडच, तेव्हा तात्यांच्या काकू निघण्याची शक्यता आहे. अंडी नाहीत, थेट पिल्लंच होतात आणि एका खेपेला दहा-पंधराही होऊ शकतात, म्हणून जोडी आणायचा विचार करू नका. तसेही हे एकांडे, एका पेटीत दोघं एकमेकांचे पाय चावतात.

आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात हा पाळायला परवाना लागतो. परवानाधारकाकडूनच घ्यायचा आणि व्यवहाराची नोंद ठेवायची. अंगणात फिरणारा ब्लू-टंग उचलून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. जखमी दिसला तर वायर्स या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा.

कुत्र्याच्या बदल्यात कुत्र्यासारखं प्रेम हवं असेल तर घेऊ नका. पंधरा-वीस वर्षं जगतो. लेक विद्यापीठात जाईल तेव्हा तात्या आमच्याच गळ्यात. ज्यांना एखादा प्राणी निवांत बघत बसायला आवडतं आणि घरात तारा-थर्मामीटरचा पसारा चालतो, त्यांनी जरूर घ्यावा. शक्यतो आधी पेटी लावून आठवडाभर तापमान बघा, मग प्राणी आणा.

पुण्यातल्या भाच्याने विचारलंय, ‘मामा, येताना एक आणशील का?’ नाही. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी विकायला बाहेर जाऊ देत नाही, आणि सामानात लपवून नेणाऱ्यांना इथे तुरुंगवास झालेला आहे. तू सुट्टीत ये, गोगलगायींचा डबा तुझ्या हातात देतो.