चाकाचा आउट: घरी काढावा, दुकानात द्यावा की रिंगच बदलावी?

चाक फिरताना रिंग सरळ आणि गोल न फिरता डुलते, त्याला आउट म्हणतात. तो बघायला सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करा आणि चाक हळू फिरवा. नजर रिंगेवर ठेवा, टायरवर नको. टायर वाकडा बसला असला तरी चाक डुलल्यासारखं दिसतं. रिंग ब्रेकच्या रबरांमधून जाताना डावी-उजवीकडे सरकत असेल तर तो बाजूचा आउट. ती वर उचलली जात असेल किंवा एखाद्या ठिकाणी आत दबलेली दिसत असेल तर तो उभा आउट, म्हणजे चाक गोल राहिलेलं नाही. बहुतेक चाकांत दोन्ही थोडेथोडे असतात, पण जोर एकाचाच जास्त असतो. कुणाचा, ते ओळखलं की निम्मा निर्णय झालाच. आमच्याकडे बहुतेकजण मजुरी किती पडेल यावर ठरवतात. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. चाक हाताने धरून आडवं हलवा. खट्-खट् असा खेळ लागला तर दोष हबच्या (चाकाचा मधला भाग) कोनमध्ये, म्हणजे आसावरच्या छऱ्यांना धरणाऱ्या नटात आहे. आधी तो खेळ काढा, तोवर स्पोकना हात लावू नका. मग एकेक स्पोक चिमटीत धरून हलवा. तुटलेला स्पोक बहुधा हबजवळच्या वाकणात तुटतो आणि तिथेच अडकून बसतो, त्यामुळे नुसत्या नजरेला सापडत नाही. तो तसाच ठेवून शेजारचे आवळले तर चाक चार दिवस सरळ फिरेल आणि पाचव्या दिवशी शेजारचाही तुटेल.

तुमच्या सायकलला ब्रेक कोणता?

आमच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडच्या खेड्यांत उंच काळ्या सायकली अजून टिकून आहेत. 28 इंची चाक, स्टीलची क्रोम केलेली रिंग, पुढे 32 आणि मागे 40 स्पोक, आणि ब्रेक रॉडचे. या ब्रेकचे रबर रिंगेच्या कडेला लागत नाहीत, हबकडच्या आतल्या बाजूला लागतात. म्हणून बाजूला दोन-तीन मिलिमीटर डुलणारं चाक या सायकलला सहज चालून जातं. मालकाला बहुतेक पत्ताही नसतो. उभा आउट मात्र लगेच जाणवतो: दर फेऱ्याला ब्रेक एकदा धरतो, एकदा सोडतो, आणि मागे गवताचा भारा किंवा उसाचं वाडं बांधलेलं असलं की उतारावर ते चांगलंच कळतं.

कॅलिपर किंवा व्ही ब्रेकच्या सायकलचं गणित नेमकं उलट. तिथे रबर रिंगेला दोन्ही कडांनी चिमटतात. बाजूला एक मिलिमीटरपेक्षा जास्त आउट असला तर रबर घासतं, आणि मग लोक काय करतात, तर ब्रेकची वायर सैल सोडतात. बेळगावात टिळकवाडीच्या सपाट रस्त्यावर ते खपून जातं. राजहंसगडावरून खाली येताना खपत नाही. त्यामानाने थोडा उभा आउट या सायकलींना चालतो. सीटवर हलकी उडी जाणवेल, एवढंच.

डिस्क ब्रेक असेल तर रिंगेचा आणि ब्रेकचा संबंधच नाही. आउट थोडा दिसला तरी घाईचं काही नाही, स्पोक सैल नाहीत ना एवढं बघा.

थोडक्यात, दोन मिलिमीटरचा तोच आउट एका सायकलला काहीच नाही आणि दुसरीला आजच्या आज काढायचं काम आहे.

घरी काढायचा असेल तर

बाजूचा आउट, स्पोक सगळे शाबूत, निप्पल (स्पोक रिंगेत आवळणारे छोटे नट) गंजलेले नाहीत: या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर मी दुकानात जा म्हणणार नाही. लागतो तो एक स्पोकचा पाना, खडूचा तुकडा, थोडं तेल आणि निवांत दुपार. बाजारात गोल चकतीसारखा, बऱ्याच खाचांचा पाना मिळतो. त्यातली निप्पलवर सगळ्यात घट्ट बसणारी खाच शोधा. थोडी जरी मोठी खाच वापरली तर निप्पलच्या कडा मरतात, मग तो गोल झालेला निप्पल पक्कडीनेच काढावा लागतो.

स्पोक आलटून पालटून हबच्या डाव्या आणि उजव्या बाजूला गेलेले असतात. डावे रिंगेला डावीकडे ओढतात, उजवे उजवीकडे. बाज विणणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच बाजूच्या दोऱ्या ओढत गेलं की चौकट तिरकी होते, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. रिंग उजवीकडे आली असेल तर त्या पट्ट्यातले डावे स्पोक पाव फेरा घट्ट करा आणि उजवे पाव फेरा सैल करा. नुसतं घट्ट करत सुटलात तर रिंग त्या जागी आत ओढली जाते आणि बाजूचा आउट काढता काढता उभा आउट तयार होतो. शिकाऊ हाताचं चाक बिघडतं ते बहुतेक याच पायी.

पाव फेराच का? नेहमीच्या 2 मिलिमीटरच्या स्पोकवर इंचाला 56 आटे असतात. म्हणजे निप्पलचा एक पूर्ण फेरा स्पोकची लांबी साधारण 0.45 मिलिमीटरने बदलतो, आणि पाव फेरा 0.11 ने. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन-चार स्पोकवर पाव-पाव फेरा दिला की रिंग डोळ्यांना दिसेल इतकी सरकते.

दिशेचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. टायरच्या बाजूने निप्पलच्या डोक्यात स्क्रूड्रायव्हर घातलाय असं समजा. तिकडून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की घट्ट. पण सायकल उलटी असताना तुम्ही ब्रेकच्या रबराजवळ काम करता, म्हणजे चाकाच्या खालच्या भागात, आणि हबच्या बाजूने खाली बघता. तिथून तीच दिशा उलटी दिसते: घट्ट करायचं तर काट्यांच्या विरुद्ध. पहिला निप्पल फिरवून झाला की स्पोक बोटाने दाबून बघा, ताठ झाला की ढिला. मग पुढच्याला हात घाला.

खडूचं काम असं: चिमट्याला, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्याला, हात टेकवून खडू रिंगेच्या अगदी जवळ धरायचा आणि चाक हळू फिरवायचं. जिथे रिंग बाहेर आलेली आहे तिथेच खडूची रेघ उमटते. रेघ लांब असेल तर मधल्या स्पोकला पाव फेरा आणि कडेच्यांना त्याहून कमी. मग पुसून पुन्हा रेघ काढायची. प्लॅस्टिकची पट्टी चिमट्याला बांधून तिचं टोक रिंगेजवळ आणलं तरी हेच साधतं, पण खडूची खूण रिंगेवर राहते, त्यामुळे कुठे काम करायचंय ते विसरायला होत नाही.

चाक सरळ दिसलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. स्पोकवर बोटाने टिचकी मारत चाकाभोवती फिरा. एकाच बाजूचे स्पोक साधारण सारखे वाजले पाहिजेत. एखादा टण्ण आणि शेजारचा बद्द वाजत असेल तर चाक सरळ असूनही आजारी आहे. सायकलवर वजन पडतं तेव्हा जमिनीकडच्या स्पोकचा ताण कमी होतो, आणि चाक पुढे फिरलं की तो परत येतो. स्पोक मुळातच सैल असेल तर दर फेऱ्याला तो पूर्ण ढिला पडून पुन्हा ताणला जातो, आणि हबजवळच्या वाकणात थकून तुटतो. सैल ठेवून सरळ केलेल्या चाकापेक्षा ताण सारखा असलेलं, किंचित डुलणारं चाक मी केव्हाही पत्करीन. गिअरच्या मागच्या चाकात मात्र उजवीकडचे, म्हणजे चेनकडचे, स्पोक डावीकडच्यांपेक्षा ताठ असतात. ती त्या चाकाची रचनाच आहे. डावे सैल वाटले म्हणून त्यांना उजव्यांच्या बरोबरीला आणायला जाऊ नका, रिंग एका बाजूला जाईल.

शेवटी समांतर जाणाऱ्या दोन-दोन स्पोकच्या जोड्या मुठीत आवळा. कट्-कट् असा आवाज येतो. पिळलेले स्पोक मोकळे होतात ते. त्यानंतर आउट थोडा परत येईल. पुन्हा पाव-पाव फेरा.

उभा आउट घरी काढता येतो का? येतो, पण टायर-ट्यूब उतरवूनच. उंचवटा आला असेल तर तिथल्या डाव्या आणि उजव्या दोन्ही स्पोकना सारखं घट्ट करायचं, दबलेलं असेल तर दोन्ही सारखे सैल. उभ्या दिशेला रिंग फार हट्टी असते, पाव फेऱ्याने तिला काही होत नाही, म्हणून हात सैल सुटतो आणि बाजूचा आउट पुन्हा डोकं वर काढतो. पहिल्याच वेळी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच ठरवलं तर टायर बसवण्याआधी रिंगेच्या आत बोट फिरवून बघा. स्पोकचं टोक निप्पलच्या डोक्याबाहेर आलं असेल तर कानशीने घासून टाका, नाहीतर पंक्चर ठरलेलं.

दुकानात द्यायचं असेल तर

रिंगेला खड्ड्याचा मार बसलेला असेल तर दुकानच बरं. खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे पावसात रस्ता आणि खड्डा वेगळे ओळखता येत नाहीत. पाण्याखालची कड रिंगेला लागते आणि त्या जागी रिंग आत बसते. अशी रिंग घेऊन गेलात तर जुना मिस्त्री चाक एकदाच फिरवतो, अंगठ्याचं नख रिंगेवर टेकवून ठेवतो आणि सांगतो, "आउट निघंल बगा, पर खड्डा न्हाई निघायचा." दबलेल्या जागचे स्पोक सैल करून रिंग थोडी बाहेर येते, पण पत्रा जिथे दुमडला आहे तो स्पोकच्या ताणाने सरळ होत नाही. त्याला ठोकूनच काढावं लागतं, आणि ते नुसत्या पान्याचं काम नाही.

गंजलेले निप्पल हेही दुकानात जायचं कारण. शाळेच्या सायकलींचं हे नेहमीचं दुखणं. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या मुला-मुलींना सायकली वाटल्या, मराठी माध्यमाच्या शाळांतही त्या आल्या. मूल दहावी होऊन गेलं, सायकल घरात राहिली: आता ती शेतावर जाते आणि पावसाळाभर गोठ्याच्या पागोळ्यांखाली उभी असते. अशा चाकाचे निप्पल तेल सोडून रात्रभर ठेवले तरी सगळे सुटतीलच असं नाही. मिस्त्रीजवळ सुटे स्पोक आणि निप्पल असतात, अडलेला तोडून नवा घालणं हे त्याचं रोजचं काम. गिअरच्या बाजूचा तुटलेला स्पोक बदलायलाही फ्रीव्हील, म्हणजे मागच्या हबवरची चेनची दातेरी चक्रं, उतरवावं लागतं. त्याचा पाना एकदाच्या कामासाठी घरी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

दुकानाची पंचाईत वेगळीच आहे. तासावर सायकली भाड्याने देणारी दुकानं गेली, आणि त्यांच्याबरोबर आउट काढणारे हातही कमी झाले. गावच्या नाक्यावर आता मोटरसायकलचं पंक्चर काढणारा असतो. तो सायकलला हवा देईल, आउट काढेलच असं नाही. जूनच्या तोंडाला, शाळा सुरू होताना, चांगल्या मिस्त्रीकडे सायकलींची रांग लागते. तेव्हा घाईत काढलेला आउट म्हणजे दोन-चार स्पोक आवळून दिलेला आउट. दुसऱ्या दिवशी या म्हणाला तर खुशाल ठेवून या. सायकल घ्यायला गेलात की पैसे देण्याआधी स्पोकवर टिचक्या मारा. मिस्त्रीला राग येत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून तो पाना पुन्हा हातात घेतो.

ॲल्युमिनियमची रिंग असेल तर आधीच सांगून ठेवा: मामा, हातोडा नको. स्टीलची रिंग लाकडावर ठेवून ठोकली, पायाखाली दाबली तरी सोसते. ॲल्युमिनियमची तशीच सरळ केली तर वाकलेल्या जागी चीर पडायची भीती असते, आणि ती चीर टायरखाली लपते.

रिंग किंवा अख्खं चाक बदलायचं असेल तर

चाक आठाच्या आकाराचं झालं, रिंगेला निप्पलच्या भोकापाशी चीर गेली, ब्रेकने घासून रिंगेची कड खोलगट झाली, किंवा सहा महिन्यांत तिसऱ्यांदा स्पोक तुटला, तर आउट काढण्यावर आणखी खर्च करू नये. स्पोक वरचेवर तुटणं ही स्पोकची तक्रार कमी आणि चाक मुळात सैल बांधल्याची जास्त असते. नवे स्पोक आणि पूर्ण ताण, यानेच ते थांबतं.

हब चांगला असेल तर नुसती रिंग घाला. जुन्या काळ्या सायकलच्या बाबतीत हा सौदा जवळजवळ नेहमीच परवडतो. पण रिंग घ्यायला बाजारात जाताना जुनी बरोबर न्या, नुसता आकडा सांगू नका. 28 इंची म्हणून काळ्या सायकलची जी रिंग असते तिच्यात टायर बसतो तो 635 मिलिमीटर व्यासावर. 700 नंबरच्या सायकलचा व्यास 622, आणि तिलाही काही जण 28 इंचीच म्हणतात. 26 इंचीत तर आणखी घोळ: जाड टायरच्या डोंगरी सायकलचा व्यास 559, बारीक 26 गुणिले 1 3/8 टायरचा 590. आकडा एक सांगून दुसरी रिंग घरी आणली तर टायर चढणार नाही, किंवा सैल बसून उतरेल. भोकंही मोजा. 40 भोकांच्या हबला 36 ची रिंग चालत नाही, आणि रिंगेची उंची बदलली की स्पोकची लांबीही बदलते, म्हणजे स्पोकही नवे.

तयार चाक घेणं सोपं: काढलं, बसवलं, निघालं. गिअरच्या साध्या सायकलला मी तेच सुचवीन, कारण रिंग, स्पोक आणि विणायची मजुरी मिळून बेरीज बहुधा तयार चाकाच्या आसपासच जाते. फक्त घेताना दुकानातच ते आसावर धरून फिरवून बघा आणि स्पोक दाबून बघा. तयार चाकं सरळ असतात, पण ताण बरेचदा कमी असतो. नवे स्पोक पहिल्या काही फेऱ्यांत जागेवर बसतात आणि ढिले पडतात. म्हणून आठवड्याभराने ते चाक एकदा पुन्हा आवळून घ्यायचं, हे विकत घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवा. तो नाही म्हणाला तर एक पानाही तिथूनच घ्या.