लांडग्याची पिशवी आणि मक्याची पिशवी

ठमी ही आमची सहा वर्षांची, नसबंदी झालेली आणि कोणत्याही एका जातीत न बसणारी कुत्री आहे. तिचे नेहमीचे कोरडे खाद्य बाजारातून नाहीसे झाले तेव्हा माझ्यापुढे दोन पिशव्यांचा पर्याय उरला, आणि गेल्या चौदा महिन्यांत त्या दोन्ही मी तिला खाऊ घालून पाहिल्या. एका पिशवीवर बर्फाच्या डोंगरापुढे उभा असलेला लांडगा आहे आणि त्याच्याभोवती ‘धान्यविरहित’, ‘पहिला घटक ताजे चिकन’ व ‘होलिस्टिक’ हे शब्द आहेत. दुसरी दिसायला सामान्य असून तिच्या घटकयादीत मका आणि कोंबडीच्या उपउत्पादनांचे मील (म्हणजे वाळवून दळलेली पूड) अगदी वरच्या बाजूला छापलेले आहे. नावे मुद्दाम देत नाही, कारण या दोन घराण्यांतल्या पिशव्या जवळपास प्रत्येक दुकानात सापडतात.

दर्शनी बाजूच्या शब्दांपासून सुरुवात करतो. ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’, ‘गूर्मे’ या शब्दांना लेबलच्या नियमांत निश्चित व्याख्या नाही, म्हणून ते बाजूला ठेवले तरी काही बिघडत नाही. ‘पहिला घटक ताजे चिकन’ हे विधान खरे असते, परंतु घटकयादी शिजवण्यापूर्वीच्या वजनानुसार लावली जाते आणि ताज्या चिकनमध्ये जवळपास सत्तर टक्के पाणी असते. ते पाणी दाणे शिजवून वाळवताना निघून जाते. मील मात्र आधीच वाळवलेले असते, त्यामुळे यादीत खाली असलेले मील प्रत्यक्ष दाण्यात ताज्या चिकनपेक्षा अधिक प्रथिने पुरवत असण्याची शक्यता असते. लांडग्याच्या पिशवीवर चिकननंतर मटार, मटारचे प्रथिन, मसूर आणि मटारचे तंतू अशी रांग होती. एकच कडधान्य तीन तुकड्यांत विभागले की प्रत्येक तुकडा चिकनच्या खाली बसतो. ते एकत्र मोजले असते तर पहिला क्रमांक कोणाचा राहिला असता, हे मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही.

धान्यावर निष्कारण राग धरला जातो, असे आता माझे मत झाले आहे. कुत्रे लांडग्यापासून वेगळे होताना पिष्ट पचवायला शिकले, हे २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले होते. कुत्र्यांच्या अन्नविषयक अ‍ॅलर्जीच्या नोंदींतही गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन हे गव्हाच्या पुढे आहेत. उलट धान्य काढून मटार-मसूर भरलेल्या खाद्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जुलै २०१८ मध्ये चौकशी जाहीर केली होती, कारण हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय फुगण्याचा विकार अशी खाद्ये खाणाऱ्या काही कुत्र्यांत आढळला होता. त्या चौकशीतून कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संस्थेने नियमित माहिती देणेही थांबवले. म्हणून या मुद्द्यावरून कोणालाही घाबरवण्याचा माझा हेतू नाही. उपउत्पादनांविषयी एवढेच सांगतो की यकृत, हृदय, जठर हे अवयव आपल्याला नकोसे वाटत असले तरी कुत्र्याला ते नकोसे वाटत नाहीत.

पाठच्या बाजूला मात्र फरक दिसू लागतो. दोन्ही पिशव्यांवर ‘संपूर्ण व संतुलित’ असे विधान आहे, आणि दोन्ही ठिकाणी प्राणिखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को या अमेरिकी संघटनेच्या मानकांचा उल्लेख आहे. लांडग्याची पिशवी ‘मानकांनुसार तयार केलेली’ आहे, म्हणजे तिचा मेळ कागदावर किंवा प्रयोगशाळेत घातलेला आहे. मक्याची पिशवी प्राण्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून तपासलेली आहे. प्रौढ कुत्र्यांसाठी ही चाचणी सव्वीस आठवड्यांची असते. ती आठ कुत्र्यांवर सुरू होते आणि किमान सहांनी ती पूर्ण करावी लागते. आठ कुत्र्यांचे सहा महिने हा काही आयुष्यभराचा पुरावा नव्हे, हे मान्य करतो. तरी शून्यापेक्षा तो अधिक आहे.

त्याच ओळीत आणखी एक शब्दप्रयोग होता, ज्याचे मला सुरुवातीला कौतुक वाटले होते. लांडग्याची पिशवी ‘सर्व वयोगटांसाठी’ होती. हे ऐकायला उदार वाटते, पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की खाद्य वाढत्या पिलाच्या निकषांवर बसवलेले असते. आफ्कोच्या मानकांत कोरड्या वजनावर, म्हणजे पाणी वगळून, पिलासाठी किमान प्रथिने २२.५ टक्के व स्निग्धांश ८.५ टक्के आहे, तर प्रौढासाठी तेच आकडे १८ आणि ५.५ आहेत. पिलाच्या निकषांवर बसवलेले खाद्य आपोआप जड होत नाही, परंतु दिवसातून दोनदा फिरून उरलेला वेळ पायपुसण्यावर काढणाऱ्या प्रौढ कुत्रीचा विचार करून ते बनवलेले नसते.

आता ज्या कारणाने माझा निर्णय झाला ते सांगतो, आणि ते घटकांच्या श्रेष्ठतेशी संबंधित नाही. लांडग्याच्या पिशवीवर कॅलरीचा आकडा कुठेच नव्हता. हा आकडा छापणे सर्वत्र बंधनकारक नाही, त्यामुळे नियम मोडला असे मी म्हणत नाही. पाठीवर फक्त एक तक्ता होता, ज्यात पंधरा ते पंचवीस किलोच्या कुत्र्यासाठी २२० ते ३६० ग्रॅम असे लिहिले होते. एवढ्या रुंद पट्ट्यात कोणत्याही कुत्र्याला बसवता येते. मी पूर्वीच्याच सवयीने त्याच जुन्या मापाने दिवसाला तीन मापे घालत राहिलो, आणि पाच महिन्यांनी डॉक्टरांच्या काट्यावर अठरा किलोची ठमी साडेएकवीस किलोची निघाली. बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या होत्या.

मग मी कंपनीला एकाच ओळीचे पत्र लिहिले: एका किलोत किती किलोकॅलरी आहेत? उत्तरादाखल शेतकऱ्यांच्या छायाचित्रांची पुस्तिका आली. दुसऱ्या पत्राला ताज्या चिकनचे महत्त्व सांगणारे उत्तर आले, आणि तिसऱ्याला कुत्र्यांचे पूर्वज जंगलात कॅलरी मोजत नसत अशा आशयाचे. लांडग्याला कोणी आयते माप भरून वाढत नव्हते, हे कळवण्याचा मोह मी आवरला. मक्याच्या पिशवीवर तोच आकडा छापलेला होता, किलोला ३३०० किलोकॅलरी. तरीही मी त्या कंपनीला फॉस्फरसचे प्रमाण आणि पाककृती ठरवणाऱ्याची पात्रता विचारली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोन्ही उत्तरे आली. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना अर्थात डब्ल्यूएसएव्हीए पालकांना कंपन्यांना विचारायला सुचवते ते प्रश्न साधारण हेच आहेत, हे मला नंतर समजले.

उत्तर न मिळाल्याने मी स्वतःच हिशेब मांडला. प्रथिने आणि कर्बोदके ग्रॅमला साडेतीन, स्निग्धांश साडेआठ किलोकॅलरी, असे प्राणिखाद्यासाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे गुणक आहेत. लांडग्याच्या पिशवीवर प्रथिने ३४, स्निग्धांश १८, तंतू ४ आणि पाणी १० टक्के असे छापलेले होते. राख, म्हणजे खनिजांचा अंश, आठ टक्के धरून उरलेला भाग कर्बोदकांचा मानला तर शंभर ग्रॅमला सुमारे ३६० किलोकॅलरी येतात. मक्याच्या पिशवीच्या ३३० शी तुलना केली तर हा फरक फार मोठा वाटत नाही. पण नंतर मी दोन्हींचे एकेक माप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. लांडग्याचे बारीक, तेलकट, घट्ट दाणे त्याच मापात १२० ग्रॅम भरले आणि मक्याचे फुगीर दाणे ९५. म्हणजे तीच तीन मापे एकीकडे जवळजवळ १३०० किलोकॅलरी आणि दुसरीकडे ९४० होत होती. अठरा किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्रीला, प्रचलित सूत्रानुसार, सुमारे ९८० पुरेशा असतात. बोटांना लागलेला तेलकटपणा तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवा होता.

यात दोष अर्धा माझा होता, हे नाकारत नाही. मोजून घातले असते तर त्या खाद्यावरही ठमी अठरा किलोची राहिली असती. शिवाय त्या पिशवीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तिची लव त्या पाच महिन्यांत जितकी चकचकीत झाली तितकी आधी कधीच नव्हती, शीही कमी व्हायची, आणि ताटलीचा आवाज होण्याआधीच ती हजर असायची. मक्याच्या पिशवीकडे तिने पहिले चार दिवस पाठ फिरवली, तेव्हा ते दाणे जुन्या दाण्यांत हळूहळू मिसळत दहा दिवस काढावे लागले. आपले कुत्रे कृश, चोखंदळ किंवा दिवसभर पळणारे असेल, आणि आपण रोज काट्यावर खाद्य मोजणार असाल, तर लांडग्याची पिशवी कदाचित अधिक योग्य ठरेल. उतारवयाकडे झुकलेल्या, घरात राहणाऱ्या, सहज वजन वाढवणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र मी दुसऱ्या पिशवीकडे झुकेन. त्यामागचे कारण मका नसून तो छापलेला आकडा आहे.

एका गोष्टीपासून सावध करतो. लांडग्याच्याच कंपनीचा ‘बदकासह’ असा ओला डबा मी मध्यंतरी कौतुकाने आणला होता. आफ्कोच्या नियमांत ‘सह’ या शब्दासाठी तीन टक्के बदक पुरते, आणि ‘बदकाच्या चवीचे’ म्हटले तर ठरावीक टक्केवारीही लागत नाही. डब्याच्या लेबलवरची प्रथिनेही कोरड्या दाण्यांशी थेट ताडून पाहू नयेत. ७८ टक्के पाणी असलेल्या डब्यातली १० टक्के प्रथिने, पाणी वजा केल्यावर, सुमारे ४५ टक्के ठरतात.

ठमी आठ महिन्यांत साडेअठरावर आली आणि आता तिचे २८० ग्रॅम दोन वेळांत काट्यावरच मोजले जातात. आपणही खाद्य बदलणार असाल तर पहिल्याच दिवशी वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. आमच्या पाच महिन्यांत मधले एकही वजन घेतलेले नव्हते, त्यामुळे ती नेमकी कोणत्या महिन्यात फुगू लागली, हे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.