बिल्डर, वर्डप्रेस की हाताने लिहिलेला कोड: कोणत्या वाटेवर कोणत्या चुका होतात

वेबसाइट कशात बांधायची हे ठरवताना बहुतेक जण आधी टेम्पलेटं पाहतात आणि मग महिन्याचा खर्च. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: काही बिघडलं तर ते दुरुस्त करणं आपल्या हातात असेल का? वाटा तीन: बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता साइट बांधून देणारी तयार सेवा; वर्डप्रेस, म्हणजे आपण घेतलेल्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या सर्व्हरवर) चालवायचं सॉफ्टवेअर; आणि हाताने लिहिलेला कोड. चुका तिन्ही वाटांवर होतात, फक्त त्यांची जात वेगळी असते.

विक्स, स्क्वेअरस्पेससारख्या बिल्डरमध्ये होस्टिंग, सुरक्षा, अपडेट सगळं कंपनी पाहते. देखभालीअभावी साइट हॅक होण्याची भीती इथे सगळ्यात कमी. चूक होते ती मांडणीत. मोठ्या पडद्यावर माउसने ओढून डबे बसवले की सगळं देखणं दिसतं, आणि फोनवर बटण मजकुराखाली दडलेलं असतं. फोनची मांडणी वेगळी उघडून पानागणिक तपासावी लागते आणि हे काम नेमकं राहून जातं. दुसरी अडचण बाहेर पडण्याची. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून बराच मजकूर वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये काढता येतो, पण मांडणी तिथेच राहते. म्हणून निदान डोमेन (साइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता) तरी स्वतःच्या नावावर आणि शक्यतो वेगळ्या ठिकाणी घ्यावं. पुढे साइट हलवलीच, तर प्रत्येक जुना पत्ता ३०१ रीडायरेक्टने (पान कायमचं हलल्याची सूचना देऊन) नव्या पानाकडे वळवता येतो आणि गूगलवर कमावलेलं स्थान बऱ्यापैकी टिकतं.

वर्डप्रेसचं उलट आहे. सगळं आपल्या हातात असतं, त्यामुळे सगळं आपल्याच गळ्यातही पडतं. सगळ्यात महागात पडणारी चूक एका छोट्या चौकोनात असते. सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ विभागात सर्च इंजिनांना साइट दाखवू नका, असं सांगणारा पर्याय आहे. काम चालू असताना त्यावर टिकची खूण करतात आणि साइट खुली केल्यावर ती काढायला विसरतात. मग महिने लोटले तरी साइट शोधात का येत नाही, याचं कोडं पडतं. दुसरी चूक थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) मूळ फाइलींत थेट बदल करण्याची: थीमचं पुढचं अपडेट आलं की ते बदल पुसले जातात. बदल चाइल्ड थीममध्येच, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या थीममध्येच, करावेत.

आणि प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची जादा सोय. मोजण्यापेक्षा ती काय करतात ते पाहावं. संपर्काचा फॉर्म एकाच पानावर असतो, पण फॉर्मच्या कित्येक प्लगइनांच्या फाइली प्रत्येक पानावर उतरतात. बंद करून ठेवलेलं प्लगइनही काढूनच टाकावं, कारण त्याच्या फाइली सर्व्हरवर असतात आणि जुन्या त्रुटींसह तशाच पडून राहतात.

हाताने लिहिलेली स्थिर साइट सगळ्यात हलकी. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे बिघडण्याजोगं थोडंच. पण इथे आठवण करून द्यायला कोणी नसतं. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी कोडमधली ओळ) राहिला की फोन डेस्कटॉपचं अख्खं पान आक्रसून दाखवतो. विंडोजवर फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं, लिनक्स सर्व्हरवर नाही. त्यामुळे आपल्या संगणकावर दिसणारं चित्र साइट चढवल्यावर गायब होतं. फाइलींची नावं सगळी लहान लिपीत आणि रिकामी जागा न सोडता ठेवली की हा त्रास संपतो.

फरक नेमका कळायला कॅमेऱ्यातून आलेला ४००० पिक्सेल रुंदीचा एक फोटो तिन्हीकडे टाकून पाहा. बिल्डर तो सहसा स्वतःच लहान करून पाठवतो. वर्डप्रेस ४.४ पासून (२०१५) फोटोच्या अनेक आकारांतून पडद्याला साजेसा आकार निवडण्याची सोय आहे. पण तोच फोटो थीमने सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधली) पार्श्वभूमी म्हणून लावला असेल, तर ही निवड होत नाही आणि फोनवरही मोठी फाइल उतरते. हाताने लिहिलेल्या साइटवर तो जसाच्या तसा जातो. आकार आपणच कमी करायचा, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल-प्रकारात बदलायचा आणि टॅगमध्ये रुंदी-उंची लिहायची. ती लिहिली नाही तर चित्र येताच खालचा मजकूर धक्का बसल्यासारखा सरकतो. पानाच्या वरच्या मुख्य चित्राला लेझी लोडिंग (चित्र पडद्याजवळ येईपर्यंत न उतरवण्याची सोय) लावू नये. गूगलच्या निकषात पडद्यावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसायला हवा आणि हे चित्र मुद्दाम मागे ठेवणं म्हणजे आपणच उशीर करणं.

काही चुका वाट कोणतीही धरली तरी होतात. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं ही त्यातली सगळ्यात पसरलेली. रंगसंकेत ९९९९९९ असेल तर कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) जेमतेम २.८:१ भरतो, साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांप्रमाणे ४.५:१ लागतो. ७६७६७६ हा करडा त्या रेषेच्या जरासा वर बसतो, त्याहून फिकट नको. फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान झूम होतं.

मराठी साइटला आणखी एक. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्पलेटात शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटा-सुटा दिसतो. ते शून्य करावं. ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. टेम्पलेट निवडताना हे दोन बदल करता येतात का, ते आधी पाहा.

निवड करताना हिशेब असा मांडावा. पाच-सहा पानं, वर्षातून एखादा बदल आणि कोड जाणणारा कोणी ओळखीचा असेल, तर स्थिर साइट. दर आठवड्याला मजकूर जाणार असेल, लिहिणारे एकाहून जास्त असतील आणि महिन्याला तासभर अपडेट व बॅकअप पाहायला माणूस असेल, तर वर्डप्रेस. असा माणूस नसेल तर बिल्डर घ्या, वर्डप्रेसच्या मोहात पडू नका. बेवारस वर्डप्रेस हा तिन्हींतला सगळ्यात वाईट पर्याय आहे.

पैसे भरण्याआधी चाचणीच्या साइटवर आपलं सगळ्यात लांब शीर्षक, एक खरा फोटो आणि संपर्काचा फॉर्म टाका. साध्या फोनवर वाय-फाय बंद करून ती उघडा, फॉर्म स्वतः भरा आणि तो ईमेल खरोखर पोहोचतो का ते स्पॅमच्या फोल्डरसकट तपासा.