कमी किमतीचे इअरफोन: आवाज भरवशाचा, वायरचा जोड कच्चा

गेले सहा आठवडे मी रोज वापरत असलेल्या या वायरच्या इअरफोनबद्दल सांगताना आधी इअरटिपविषयी, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोप्यांविषयी, लिहिणे भाग आहे. पहिल्या दिवशी मधल्या मापाचे इअरटिप लावून तबला ऐकला तेव्हा डग्ग्याची घुमक जवळजवळ हरवली होती आणि नुसती चाट, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा टोकदार नाद, टोचत होती. मोठ्या मापाचे इअरटिप चढवताच तोच तबला भरीव वाजू लागला. इअरटिप कानात घट्ट बसले नाही तर फटीतून हवेचा दाब निसटतो आणि खालचे सूर पातळ होतात, त्यामुळे सोबत दिलेली तिन्ही मापे लावून पाहण्याआधी आवाजाला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

नीट बसवल्यावर यातला 10 मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे चुंबक आणि पडद्याने आवाज निर्माण करणारा भाग, खरोखर समाधान देतो. बॅस थोडा वाढवलेला आहे, पण तो गायकाच्या आवाजावर चढत नाही, आणि तानपुऱ्याची जवारी मागे सतत, स्पष्ट ऐकू येते. वरच्या पट्टीत मात्र कसर राहिली आहे: आवाज मोठा केला की ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे बोचतात आणि तासाभराने कान शिणतात. खोक्यावर छापलेल्या 20 हर्ट्‌झ ते 20 किलोहर्ट्‌झ या आकड्यांवर जाऊ नये. ती माणसाच्या श्रवणाची ढोबळ मर्यादा आहे, आणि त्या पट्ट्यात कोणता सूर किती जोरात वाजतो हे त्यावरून कळत नाही.

बांधणीत प्लॅस्टिकचे कवच हलके असूनही सांध्यात कुठे फट नाही, आणि नळीच्या तोंडावरची जाळी धातूची आहे. वायर कपड्यांना घासली की खरखर थेट कानात येते. ती कानामागून वळवून घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो.

खरी तक्रार जॅकपाशी आहे. तिथे वायरला आधार देणारे रबर जेमतेम नखाएवढे आणि कडक आहे, त्यामुळे फोन खिशात असताना सगळा ताण एकाच जागी येतो. पाचव्या आठवड्यात तिथली वायर वाकली की डावी बाजू बंद पडू लागली. वायर बदलता येत नसल्याने हा दोष किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. टेबलावर बसून ऐकणाऱ्याला मी हे इअरफोन आनंदाने सुचवीन. चालता-फिरता ऐकणाऱ्याने वायर वेगळी काढता येणारी जोडी घ्यावी.