देशी तेरड्याचं बी: पाकीट घ्या, मागची माहिती सोडा

पावसाळ्याच्या तोंडावर काही नर्सऱ्यांत 'देशी तेरडा' म्हणून एक ग्रॅमचं पाकीट मिळतं. ग्रॅमभरात शंभराच्या आसपास बिया. गच्चीला पुरून उरतात. बी टपोरं, गडद तपकिरी, पोचट फार कमी. मुख्य म्हणजे लिहिलंय तेच उगवतं: एकेरी गुलाबी फूल, मागे बारीक वाकडी सोंड. 'देशी' छापून दुहेरी बाल्सम (भरगच्च पाकळ्यांचा तेरडा) गळ्यात मारणारे कमी नाहीत. रोपाचं खोड तांबूस असेल तर फूल गुलाबी-लाल, हिरवट असेल तर पांढरं किंवा फिकं, एवढं आधीच कळतं.

घोळ मागच्या सूचनांत आहे. म्हणे 'एक इंच खोल पेरा'. तितक्या खोलवरून बरंच बी वर येतच नाही. मातीवर टाकून जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरावी. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. चार पानं आली की आठ इंची कुंडीत एकच रोप, जमिनीत वीतभर अंतर.

कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावायचा सल्ला तर साफ चुकीचा. तेरड्याचं खोड रसाळ. झडीच्या पावसात कोकोपीट गच्च ओलं राहतं, खोड बुडाशी काळं पडतं आणि भरात आलेलं रोप आडवं होतं. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड रेती घ्या. कोकणात चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) मूठभर मातीत तो माजतो, कारण तिथे पाणी थांबत नाही. खत वाढवलंत तर नुसता पालाच येईल. उघडिपीत पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर खालची पानं काढून रोपं विरळ करा. शेपटाला शिंग असलेली जाड अळी रात्रीत फांदी बोडकी करते. ती हातानेच वेचावी.

पेरणी कधी, यावर पाकीट 'वर्षभर' म्हणतं! गौरीला फुलं हवीत तर तारीख नको, तिथी बघा. फुलायला आठ-नऊ आठवडे लागतात, म्हणून आवाहनाच्या सव्वादोन महिने आधी पेरा. भाद्रपदाआधी अधिक महिना आला तर पेरणी जुलैवर जाते. अशा वर्षी जूनमध्ये पेरलेला तेरडा गौरी येईतो बोंडांवर आलेला असतो. मुळासकट तेरड्याची गौर आणायची रीत असेल तर काही रोपं जमिनीतच लावा.

बोंड फिकट पिवळसर झालं की कागदी पिशवीत खुडा, नाहीतर बोट लागताच फुटून बी भलतीकडे उडतं. जवळ दुहेरी बाल्सम असेल तर मधमाश्या सरमिसळ करतात, तेव्हा पुढच्या वर्षी पाकीट नवंच घ्यावं.